हाती आलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसा काढायचा

'नाइफ' म्हणजे चाकू, हे सहावीतल्या लेकराला ठाऊक असतं. पण स्क्रॅबल या सोंगट्या जुळवून शब्द करायच्या खेळात पट्टीवर के, एन, आय, एफ, ई ही अक्षरं सुटी मांडून दिली, की तेच लेकरू काइट, किंग, किक असं ओठातल्या ओठात पुटपुटत बसतं. शब्द डोक्यात असतो, हाताला लागत नाही. मराठी आपण बोलतो तशी लिहितो, म्हणून आपल्या डोक्यातला शब्दांचा साठा आवाजावर लावलेला असतो. इंग्रजी शब्दखेळाला तोच साठा अक्षरांवर लावून हवा असतो. लातूर-परभणीच्या मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजी बऱ्यापैकी वाचणाऱ्या माणसाची अडचण बहुतेक वेळा एवढीच असते. ती सुटते, पण त्यासाठी काही सवयी मोडाव्या लागतात.

एक खूण ध्यानात ठेवा. इंग्रजी स्पेलिंग इथे अक्षरांच्या नावांनी, मधे छोटी रेघ देऊन लिहिलं आहे. आर-ई-ए-डी म्हणजे 'रीड'. वही-पेन घेऊन बसा आणि ही स्पेलिंगं इंग्रजीत उतरवून घ्या, म्हणजे डोळ्याला ती दिसतील.

आधी प्रश्न कोणता ते ओळखा

"ही अक्षरं असलेला शब्द सांगा" असं म्हटलं की त्यात तीन वेगळे प्रश्न असतात, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. पहिल्यात दिलेली अक्षरं शब्दात कुठेही चालतात, सोबत दुसरी कोणतीही आली तरी हरकत नसते. दुसऱ्यात जागा ठरलेली असते: पाच अक्षरी शब्द, दुसरं अक्षर ए, शेवटचं वाय. शब्दकोडं आणि वर्डल, म्हणजे रोजचा एक शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ, या जातीचे. तिसऱ्यात फक्त दिलेलीच अक्षरं वापरायची असतात, बाहेरचं एकही नाही. स्क्रॅबल आणि स्पेलिंग बी (न्यूयॉर्क टाइम्सचा ऑनलाइन शब्दखेळ) तिसऱ्या जातीचे.

तिसऱ्या जातीत आणखी एक मेख आहे. एक अक्षर दोनदा वापरता येतं का? स्पेलिंग बीमध्ये येतं. ओ, एन, टी ही अक्षरं असली तर तिथे ओ-एन-टी-ओ, म्हणजे 'ऑन्टू', बिनदिक्कत लिहा. स्क्रॅबलमध्ये त्याच शब्दाला ओच्या दोन सोंगट्या लागतात. मोबाइलवरच्या शब्दशोधकातही हे तीन प्रश्न तीन वेगळ्या चौकटींत विचारलेले असतात. सात अक्षरं चुकून "शब्दात असावीत" या चौकटीत टाकली, की अकरा-बारा अक्षरी, कधी न ऐकलेले शब्द समोर येतात आणि माणूस यंत्राला नावं ठेवतो.

कान कुठे फसवतो

मराठीत 'व' एकच. इंग्रजीत त्याची व्ही आणि डब्ल्यू अशी दोन अक्षरं होतात आणि दोघांचा स्वभाव एकदम वेगळा. व्हीने संपणारा रोजच्या वापरातला शब्द क्वचितच सापडतो. शेवटी 'व्ह' ऐकू आला तरी पुढे ई असतोच: जी-आय-व्ही-ई, एल-ओ-व्ही-ई. म्हणून हातात व्ही आला की आधी ई शोधा. स्क्रॅबलच्या मान्य याद्यांत व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही. त्यामुळे व्हीला अडचणीच्या जागी, दोन शब्दांच्या सांध्यात बसवायचा प्रयत्नच सोडून द्या. डब्ल्यू मात्र डब्ल्यू-ई, ओ-डब्ल्यू असा कुठेही शिरतो.

'क'चं तर घराणंच मोठं आहे. तो के असेल, सी असेल, सी-के असेल, 'स्कूल'मधला सी-एच असेल किंवा क्यू असेल. 'फ' म्हणजे एफ, पी-एच, किंवा 'लाफ', 'टफ', 'इनफ' या शब्दांच्या शेवटचा जी-एच. 'श' ऐकू आला की एस-एच मनात येतो, पण 'नेशन'मध्ये तो टी-आय आहे, 'स्पेशल'मध्ये सी-आय, 'मशीन'मध्ये सी-एच आणि 'शुगर'मध्ये नुसता एस. उलट बाजूने विचार करायची सवय लावा. हातात एच असेल तर 'ह'चे शब्द आठवत बसू नका. एच कोणाच्या पाठीशी लागतो ते बघा: सी-एच, एस-एच, टी-एच, पी-एच, डब्ल्यू-एच, जी-एच. तो पहिल्या जागेइतकाच या जोड्यांत सापडतो.

मुकी अक्षरं तशीच वही करून पाठ करावीत, दुसरा उपाय नाही. सुरुवातीला के-एन, जी-एन, डब्ल्यू-आर, पी-एस, शेवटी एम-बी, मधे 'डाउट' आणि 'डेट' यांतला बी. पट्टीवर के आणि एन एकत्र दिसले की ते शेजारी लावून बघणं हाताला आपोआप सुचलं पाहिजे.

सात सोंगट्यांची उकल

स्क्रॅबलच्या पिशवीत १०० सोंगट्या असतात. त्यांतल्या २ कोऱ्या, कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या. ई १२, ए आणि आय ९-९, ओ ८, एन, आर, टी ६-६. एस मात्र फक्त ४. के, जे, एक्स, क्यू, झेड यांची एकेकच सोंगटी. हा खेळ शोधणाऱ्या अल्फ्रेड बट्स या अमेरिकन गृहस्थाने १९३० च्या दशकात वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं, आणि ते आजही चालतं. प्रत्येक अक्षराचे ठरलेले गुण असतात, आणि सातही सोंगट्या एकाच खेळीत लावल्या की वर ५० गुण मिळतात. मोठा फरक पडतो तो याच ५० मुळे.

समजा हातात आर, ए, डी, एन, आय, ई, जी आले. पहिलं काम म्हणजे पट्टीवरचा आहे तो क्रम मोडायचा. आलेल्या क्रमाकडे बघत राहिलं की मेंदू तोच आवाज पुन्हा पुन्हा काढतो. सोंगट्या दोन-तीनदा फिरवा किंवा वहीत गोल मांडा. मग शेपटी शोधा. आय-एन-जी आहे, ते उजवीकडे सरकवा. उरले आर, ए, डी, ई. यांतून आर-ई-ए-डी निघतो. झाला 'रीडिंग', सात अक्षरी.

इथेच थांबू नका, कारण फळ्यावर, म्हणजे शब्द मांडायच्या पटावर, जागा मिळेलच असं नाही. दुसरी शेपटी ई-डी. ती बाजूला काढली की उरतात आर, ए, एन, आय, जी. त्यांतून जी-आर-ए-आय-एन, म्हणजे 'ग्रेन', आणि त्याचा 'ग्रेन्ड'. आता फळ्यावर आधीच पडलेल्या अक्षराची मदत घेऊन आठ अक्षरी बघा. टी मिळाला तर 'ग्रेडिअंट'. एच मिळाला तर 'अ‍ॅडहिअरिंग'. बी मिळाला तर बी-आर-ई-ए-डी-आय-एन-जी. आणखी एक ई मिळाला तर आर-ई-जी-ए-आय-एन-ई-डी. म्हणजे फळ्यावर कोणतं अक्षर मोकळं आहे हे बघूनच पट्टीकडे वळायचं. बहुतेकजण आधी शब्द करतात आणि मग जागा धुंडाळतात. तिथे दोन-तीन मिनिटं वाया जातात.

शेपट्या कामाच्या या: ई-डी, ई-आर, आय-एन-जी, ई-एस-टी, एल-वाय, आय-ई-आर, एन-ई-एस-एस. डोकी ही: आर-ई, यू-एन, डी-आय-एस, पी-आर-ई, ओ-यू-टी. पण शेपटी लावताना अक्षरं बदलतात, आणि बरेच शब्द त्यामुळेच बाद ठरतात. 'रन'चा 'रनिंग' करायला एन तीन लागतात, दोन नव्हे: आर-यू-एन-एन-आय-एन-जी. 'बेक'चा 'बेकिंग' होताना ई गळतो, म्हणजे तो पट्टीवर शिल्लक राहतो. 'ट्राय'चा वाय अनेकवचनात आय-ई-एस होतो. शिवाय आय-एन-जी दिसला की ती शेपटीच असते असंही नाही. 'स्ट्रिंग' आणि 'ब्रिंग'मध्ये तो मूळ शब्दाचाच भाग आहे.

सात अक्षरी शब्दांसाठी जुने खेळाडू सहा अक्षरांचा एक गठ्ठा सांभाळतात: एस, ए, टी, आय, एन, ई. यात डी आला की 'इन्स्टेड', एल आला की 'सेलिअंट', आर आला की 'रिटेन्स', जी आला की 'सीटिंग', एम आला की 'इन्मेट्स'. म्हणून छोटे शब्द लावताना ही सहा अक्षरं शक्यतो हातात ठेवायची आणि बाकीची खर्चायची. एस तर उगाच सहा-सात गुणांसाठी सोडूच नये. चारच आहेत, आणि दुसऱ्याच्या लांब शब्दाला शेवटी जोडून स्वतःचा शब्द उभा करायला त्याच्याइतकं सोयीचं अक्षर नाही.

निजाम १६ गुणांचा

क्यू आला आणि यू नाही, की घाम फुटतो. मराठवाड्यातल्या माणसाला फुटायचं कारण नाही. यूशिवाय क्यू असलेले बरेचसे इंग्रजी शब्द अरबी-फारसी-उर्दूतून गेलेले आहेत, आणि ते शब्द औरंगपुऱ्यापासून खुलदाबादपर्यंत कानावर पडतच असतात. फकीर: एफ-ए-क्यू-आय-आर, १७ गुण. तोच केने लिहिला तर १२, दोन्ही मान्य. तलाक: टी-ए-एल-ए-क्यू, १४. कव्वाली: क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, अक्षरांचे २२ आणि सातही सोंगट्या लागल्याचे ५० मिळून ७२, फळ्यावरच्या रंगीत घरांचे गुण वेगळे. काझी लिहिताना मात्र जपा. आपल्या तोंडी झ आहे म्हणून हात झेडकडे जातो, इंग्रजी यादीतलं ठरलेलं रूप क्यू-ए-डी-आय आहे, १४ गुण. यांच्या जोडीला चिनी 'ची', म्हणजे क्यू-आय, हा दोन अक्षरी शब्द. तो पाठ नसेल तर बाकी सगळं पाठ करून उपयोग थोडा.

आपल्या घरातले इतरही शब्द त्या यादीत जाऊन बसलेत. ज्वारी जे-ओ-डब्ल्यू-ए-आर अशी, १५ गुणांची. वकील व्ही-ए-के-आय-एल, १२. लाख एल-ए-के-एच, ११. कोटीसाठी असलेला सी-आर-ओ-आर-ई मात्र ७ वरच थांबतो. लाखापेक्षा कोटी स्वस्त, असा हा खेळ. आणि निजाम: एन-आय-झेड-ए-एम. राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली, पण शब्द १६ गुण देऊन जातो. तो पदवी म्हणून सामान्य नाम आहे, म्हणून चालतो. नांदेड, अजिंठा, गोदावरी ही विशेषनामं, ती चालत नाहीत.

चुका होतात त्या स्पेलिंगच्या. घरचा शब्द आहे म्हणून आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो तसं लिहितो आणि शब्द उचलावा लागतो. यादीत जे रूप आहे तेच चालतं. खेळायच्या आधी यादी कोणती तेही ठरवून घ्या. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाच्या यादीवर होतात, तिच्यात सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. अमेरिका-कॅनडात वेगळी, लहान यादी चालते. दोन अक्षरी शब्द पहिलीत १२७, दुसरीत १०७. मोबाइलवरचा शब्दशोधक दुसऱ्या यादीवर असला आणि डाव पहिल्या यादीवर, तर भांडण ठरलेलंच.

पट्टी बिघडली तर

कधी सात सोंगट्यांत पाच स्वर येतात. तेव्हा ए-डी-आय-ई-यू, ए-यू-डी-आय-ओ, ए-आय-ओ-एल-आय हे तीन शब्द चार-चार स्वर एका झटक्यात खपवतात. जागा अरुंद असेल तर ए-ए, ए-ई, ए-आय, ओ-ई. उलट नुसती व्यंजनं आली तर आधी वाय बघा: एम-वाय-टी-एच, एल-वाय-एन-एक्स, एच-वाय-एम-एन, सी-आर-वाय-पी-टी, आणि सगळ्यांचा दादा आर-एच-वाय-टी-एच-एम. वायही नसेल तर एच-एम-एम, एस-एच-एच, पी-एस-एस-टी, एन-टी-एच. वेल्श भाषेतून आलेला सी-डब्ल्यू-एम हा 'कूम' असा उच्चारतात, डब्ल्यू तिथे स्वराचं काम करतो. तीन सोंगट्या, १० गुण.

वर्डलमध्ये पाय कुठे घसरतो

वर्डल जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, जानेवारी २०२२ मध्ये तो न्यूयॉर्क टाइम्सने घेतला. पाच अक्षरी शब्द, सहा प्रयत्न. मूळ उत्तरयादी दोन हजार तीनशेच्या आसपास शब्दांची होती, आणि त्यात सगळ्यात जास्त येणारी अक्षरं ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन या क्रमाने. शेवटच्या जागी ई आणि वाय, पहिल्या जागी एस. त्यामुळे पहिला शब्द एस-एल-ए-टी-ई किंवा सी-आर-ए-एन-ई असा घेतात. एस लावून केलेली साधी अनेकवचनं उत्तरात सहसा नसतात, तिकडे प्रयत्न घालवू नका.

प्रयत्न केला की अक्षरं रंगतात: हिरवं म्हणजे बरोबर जागी, पिवळं म्हणजे शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, राखाडी म्हणजे नाही. या रंगांचा अर्थ लावताना एक चूक सर्रास होते. तुमच्या शब्दात ई दोनदा आहे आणि उत्तरात एकदाच. मग एक ई रंगतो, दुसरा राखाडी राहतो. राखाडी दिसला म्हणून ई नाहीच असं धरू नका. दुसरा ई नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खरा सापळा वेगळा आहे. शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी हिरवी झाली, तीन किंवा चार प्रयत्न उरले. वाटतं, झालंच. पण पुढे लाइट, नाइट, राइट, फाइट, माइट, साइट, टाइट आणि एट असे आठ शब्द उभे असतात. एकेक करून बघितले तर डाव जातो. तिथे हिरवी अक्षरं बाजूला ठेवून चाचणीचा शब्द टाकायचा: एफ-आय-एल-एम-एस. एफ, एल, एम, एस यांपैकी जो रंगेल तो सुरुवातीचं अक्षर. कोणीच रंगला नाही तर उरले नाइट, राइट, टाइट, एट. दुसरी चाचणी ई-एन-टी-ई-आर. पहिला ई हिरवा झाला तर 'एट', एन पिवळा झाला तर 'नाइट', आर पिवळा झाला तर 'राइट', यांपैकी काहीच झालं नाही तर 'टाइट'. मधला टी चारही वेळा रंगणार आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. तिसऱ्या प्रयत्नात उत्तर हातात. हार्ड मोड चालू असेल तर मात्र ही वाट बंद, कारण तिथे मिळालेली खूण पुढच्या शब्दात वापरावीच लागते.

स्वतःची यादी

संगणक असेल तर शब्दशोधकाच्या जाहिराती सोसायची गरज नाही. एनेबल नावाची सुमारे १ लाख ७२ हजार शब्दांची यादी कोणालाही मोकळेपणाने वापरता येते. ती एक्सेलमध्ये घ्या, पण घेताना रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवा. नाहीतर 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे दोन शब्द एक्सेल तर्काची किंमत समजून गिळतं आणि ते शोधात येत नाहीत. शेजारच्या रकान्यात 'लेन' हे फंक्शन लावलं की प्रत्येक शब्दाची लांबी मिळते. मग फिल्टर. 'कंटेन्स'मध्ये एक अक्षर, 'अँड' करून दुसरं. एका वेळी दोनच अटी बसतात. तिसरं अक्षर हवं तर आलेले शब्द नव्या शीटवर चिकटवून पुन्हा फिल्टर लावा.

जागा ठरलेली असेल तर 'इक्वल्स' निवडा आणि माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह टाका. तारा (*) टाकला तर त्या जागी कितीही अक्षरं चालतात. एकाच अटीत तारा-ए-तारा-आर-तारा असं लिहिलं की फक्त ए आधी आणि आर नंतर असलेले शब्द येतात. आर फक्त आधी असलेले शब्द गुपचूप गळतात, आणि ते गळाले हे कळतही नाही. क्रमाचं बंधन नको असेल तर दोन वेगळ्या अटीच द्या.

ही यादी जुनी आहे, हेही लक्षात असू द्या. क्यू-आय आणि झेड-ए तिच्यात नाहीत. ते हाताने घालावे लागतात. मोबाइलवर एवढी मोठी शीट उघडायला जाऊ नका, साधा फोन बसकण मारतो.

वीज गेली, रेंज गेली तरी चालणारा प्रकार म्हणजे वही. सात अक्षरी शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून डाव्या बाजूला लिहा: ए-डी-ई-जी-आय-एन-आर. उजव्या बाजूला त्यांतून निघणारे सगळे शब्द. सरावाला उजवी बाजू कागदाने झाकायची. दिवसाला पाच ओळी पुरतात, दहा केल्या तर चौथ्या दिवशी कंटाळा येतो. डाव खेळताना सोंगट्याही याच क्रमाने पट्टीवर लावून बघा. वहीतली डावी बाजू समोर आली की उजवी आठवते. नाही आठवली तर त्या ओळीसमोर फुली मारा आणि दुसऱ्या दिवशीच्या पाचांत तिला पहिली घ्या.